सातवा फर्मा

वर्ष संपायला अजून अकरा दिवस होते, पण वार्षिकीच्या कचेरीत ते केव्हाच संपलं होतं. तिथली रीतच तशी. वीस डिसेंबरला पानं बंद. त्यानंतर ज्याला मरायचं असेल, निवडून यायचं असेल किंवा विक्रम मोडायचा असेल, त्याने पुढच्या वर्षीच्या पुस्तकात जागा बघावी. देशात वर्षभर जे जे घडलं ते या एका जाड पुस्तकात यायचं. आधी राजकारण, मग लोकजीवन, शेवटी क्रीडा. आणि हे पुस्तक प्रत्येक शाळेत, प्रत्येक कोर्टात, प्रत्येक वाचनालयात जाऊन बसायचं. माणसं विसरतात, पण कपाट विसरत नाही.

कचेरी तीन मजली. तळाला छपाईची यंत्रं, वर टाइप जुळवणारे जुळारी, त्याच्यावर नोंदींची खोली. खाली यंत्र चालू झालं की वरच्या टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. या खोलीच्या भिंतीवर थोरल्या साहेबांनी, म्हणजे ज्यांनी वार्षिकी सुरू केली आणि आता देवाघरी आहेत त्यांनी, स्वतःच्या हाताने एक वाक्य रंगवून ठेवलं होतं : ‘कोण, कुठे, केव्हा, किती. का, ते देव जाणे.’ म्हणजे नोंदीत कारण लिहायचं नाही. पूल पडला असं लिहा, कोणामुळे पडला ते लिहू नका. मंत्री गेला असं लिहा, का गेला ते लिहू नका. ‘आपण मुनीम आहोत, न्यायाधीश नव्हे,’ असं थोरले साहेब म्हणत. भला माणूस होता, थोडा हट्टी.

हा नियम राखायचं काम तपासनीस बाईंचं. सव्वीस वर्षं त्या शेवटचं प्रूफ तपासत होत्या. बाईंची सही पडली की ते पान पुढे कोणी बघत नसे, सरळ यंत्रावर. स्वभाव कडक. त्यांच्यासमोर ‘दुर्दैवाने’ हा शब्द लिहायचीसुद्धा कोणाची छाती नव्हती. ‘दुर्दैव तुम्ही मोजलंत का? किती किलो होतं?’ असं विचारायच्या.

त्या दिवशी क्रीडा विभागाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा ताव, अकरावा, त्यांच्यापुढे आला. बाईंनी चष्मा पुसला आणि जुलैपर्यंत येऊन थांबल्या.

‘जुलै ६ : विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना. गोलरक्षकाच्या अक्षम्य चुकीमुळे देशाचा ०–१ ने पराभव.’

समोरच्या टेबलावर तारीखराव गोंदाचा ब्रश चाटत असल्यासारखं तोंड करून बसले होते. खरं नाव कोणाला आठवत नव्हतं. कुठलीही घटना सांगा, हा माणूस तारीख सांगायचा, म्हणून तारीखराव. नोंदी लिहायचं काम त्यांचं, आणि बाईंच्या खुर्चीवर त्यांचा डोळा नऊ वर्षांपासूनचा.

“हे कोणी लिहिलं?” बाईंनी विचारलं.

“देशाने लिहिलं. मी नुसतं कापून चिकटवलं.”

“‘अक्षम्य’ काढा. ‘चुकीमुळे’ काढा. नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे हो. पण यंदा नियम जरा घरचाच पडतोय, नाही का?” तारीखराव गोड हसले. ते हसले की शेजारच्याने आपला खिसा चाचपावा.

कारण तो गोलरक्षक बाईंचा धाकटा भाऊ होता.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. बाईंनी त्याला वाढवला, लग्नाचं वय त्यातच गेलं. पोरगा हातापायांनी लांब, पाठीमागे पडणारी कैरीसुद्धा मागच्या मागे झेलायचा. देशाच्या संघात गेला तेव्हा गल्लीत बाईंना लोक वाट करून द्यायचे. आणि मग ती सहा जुलै आली.

तसं ते वर्षच भांडखोर होतं. जानेवारीत सरकार पडलं, फेब्रुवारीत तेच सरकार टोप्या बदलून परत आलं. मार्चपासून शिक्षकांनी एक्केचाळीस दिवस शाळा बंद ठेवल्या. मेमध्ये एकाच पुलाचं उद्‌घाटन दोन पक्षांनी दोन टोकांकडून केलं आणि मध्यावर कार्यकर्त्यांची मारामारी झाली. ज्याला त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं, आणि कोणावर ते ठरत नव्हतं. अशा वेळी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू भावाच्या डोक्यावरून गेला. झालं. देशाला माणूस सापडला.

तिसऱ्या दिवशी क्रीडामंत्री सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, “त्या खेळाडूचे हात देशाचे नव्हते. भाड्याचे होते.” बाकं वाजली. त्याच संध्याकाळी भावाच्या घराच्या काचा फुटल्या. तो एक पिशवी घेऊन बाईंकडे आला आणि मागच्या खोलीत शिरला. त्याला आता साडेपाच महिने होत आले होते. दाढी वाढली होती. दारावरची घंटा वाजली की अंग चोरायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार बाईंना साबण देता देता म्हणायचा, “काय बाई, चाळणी हवी का? नको? बरोबर, घरात आहेच की एक.” दुकानातले सगळे हसायचे. बाई मोड न घेता परत यायच्या.

त्यांच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते त्या सगळ्यांना ऐकवायच्या : त्या क्षणी मैदानाचे दिवे मंद झाले होते. दूरदर्शनवर आपण डोळ्यांनी पाहिलं. दिव्यांचा ठेका कोणी दिला? क्रीडामंत्र्यांनी. मग चूक कोणाची? माणसाचं मन मोठं लबाड असतं. त्याला सत्य हवं असतं, पण आपल्या मापाचं शिवून.

“मी या पानावर सही करणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मग साहेबांकडे चला,” तारीखराव उठले. कपाटातून त्यांनी एक गुंडाळी काढून काखेत मारली. बाईंना वाटलं, असेल काहीतरी कात्रण.

साहेब म्हणजे थोरल्या साहेबांचे चिरंजीव. वडिलांची खुर्ची मिळाली, पण पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यांनी ओळ वाचली आणि खांदे उडवले.

“बाई, राहू द्या ना. शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आपण नाही लिहिलं तर लोक म्हणतील, तपासनीस कोणाची बहीण ते बघा.”

“लोकांसाठी नियम नाही, साहेब. तुमच्या वडिलांनी—”

“वडिलांचा नियम!” तारीखरावांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. “साहेब, हे सातव्या फर्म्याचं शेवटचं प्रूफ. राजकारण, ऑक्टोबर. छापून, घड्या घालून खाली तयार आहे. जरा एकोणीस तारीख वाचता का?”

साहेबांनी मोठ्याने वाचलं. “‘ऑक्टोबर १९ : मैदानाच्या दिव्यांच्या ठेक्यात मोठा हात मारल्यामुळे क्रीडामंत्र्यांचा राजीनामा.’ बरं, मग?”

“मी लिहिलं होतं, ‘क्रीडामंत्र्यांचा राजीनामा.’ दोन शब्द. बाकीचे शब्द कोणाचे ते बघा.”

छापील ओळीच्या आधी समासात हिरव्या पेन्सिलीने सहा शब्द भरले होते. अक्षर बारीक, सरळ, टाचणीने टोचल्यासारखं. खाली बाईंची सही.

बाईंच्या कानशिलात ऊन चढलं. त्यांना तो दिवस आठवला. मंत्री गेल्याचं वाचून त्यांनी देवापुढे दिवा लावला होता, दुसऱ्याचं वाईट झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी प्रूफ समोर आलं आणि हात आपोआप चालला. मंत्र्याने स्वतः ‘प्रकृतीचं कारण’ दिलं होतं. चौकशी अजून चालूच होती, तिचा अहवाल पुढच्या वर्षी यायचा होता. सव्वीस वर्षांत इतरांचे शब्द खोडणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच शब्द घातले होते, आणि त्यांच्यानंतर ते पान बघणारं कोणी नव्हतं.

“हे तुम्ही दोन महिने दाबून ठेवलंत?” बाई तारीखरावांकडे वळल्या.

“तारीख आली की बाहेर काढायचं. माझा धंदाच तो.”

साहेब आता सरसावून बसले. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना आपली उंची वाढल्यासारखी वाटायची. “म्हणजे मंत्र्याला एक न्याय आणि भावाला दुसरा! वा, बाई! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढताना तुम्ही आपलं मुसळ त्याच्याच डोळ्यात घातलंत की! जा, जेवून या. तीन वाजता अकरावा फर्मा यंत्रावर चढतोय. सही घेऊनच या.”

बाई घरी गेल्या. जेवायला नव्हे. त्यांना कोणीतरी ‘तू बरोबर केलंस’ म्हणायला हवं होतं, आणि हे म्हणेल असं जगात एकच माणूस होतं.

मागच्या खोलीचे पडदे ओढलेले. भाऊ खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. दुपार असून खोलीत शिळी संध्याकाळ भरली होती. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती ओळ, तो फर्मा, तारीखराव.

“पण मी खोटं लिहिलं का? तूच सांग. दिवे गेले नसते तर—”

“दिवे चालू होते, ताई.”

“मी पाहिलं ना. टीव्हीवर—”

“टीव्हीवर दिसले असतील मंद. मी मैदानात होतो. लख्ख उजेड होता. चेंडूची शिवण दिसत होती मला.” तो शांतपणे बोलत होता, आणि तेच भयंकर होतं. “मी दोन पावलं उगाच पुढे आलो. वाटलं, त्यांचा गडी क्रॉस मारणार, चेंडू मध्ये टाकणार. त्याने सरळ गोलात मारला. बस.”

“मग इतके महिने गप्प का बसलास?”

“तू विचारलंस कधी?” आता त्याचा आवाज चढला. “तू आल्यागेल्याला दिव्यांचं पुराण सांगत सुटलीस. दुकानात, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी! लोकांना वाटतं हे मीच तुला शिकवलंय. चुकला तो चुकला, वर खोटारडा! मंत्र्याने मला एकदा भाड्याचा म्हटलं. तू रोज लबाड ठरवतेस मला.”

“मी तुझ्यासाठी—”

“माझ्यासाठी नको करूस काही! आणि त्या पुस्तकात माझं काय लिहायचं ते मला विचारू नकोस. तुझा धंदा आहे, तुझं तू बघ. दार लाव जाताना.”

बाईंनी दार लावलं. स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायल्या. राग मावत नव्हता, आणि तो कोणावर तेच कळेना. वर्षभर अख्ख्या देशाला जे झालं होतं तेच त्यांना झालं होतं : बोट तयार, फक्त समोर माणूस हवा. दिवे चालू होते. म्हणजे मंत्र्याने पैसे खाल्ले असतील किंवा नसतील, पण त्या गोलाशी त्याचा काही संबंध नव्हता. मग ते सहा शब्द त्यांनी कशासाठी घातले होते? देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. त्या दुपारी बाईंना वाटलं, त्याला ठाऊक असण्यातच मोठी अडचण आहे.

तीनला पाच मिनिटं कमी असताना त्या साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या. साहेबांचा नूर बदलला होता. त्यांनी मधल्या वेळात विचार केला होता, आणि ते क्वचितच करत असल्यामुळे खूश दिसत होते.

“बसा. मार्ग काढलाय. भावाची ओळ तुम्ही म्हणाल तशी करू. ‘०–१ ने पराभव’, संपलं. आणि मंत्र्याचं आहे तसं राहू द्या. तो फर्मा छापून झालाय, आणि खरं सांगू का, लोकांना आवडेल ते. मंत्र्याला कोण विचारतो आता? तारीखराव तोंड उघडणार नाहीत.”

तारीखरावांनी नाखुशीने मान डोलावली.

बाईंना जे हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर. भाऊ स्वच्छ, वैरी काळा, नोकरी शाबूत, आणि वर कोणी काही म्हणणारं नाही. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेलाही. खोटं का बोला, गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. खालून यंत्राचे हादरे येत होते.

“नाही,” त्या म्हणाल्या. “दोन्ही काढायचं. सातवा फर्मा पुन्हा छापा.”

“वेड लागलंय का? तीस हजार प्रती आहेत त्याच्या!”

“माझ्या हातची घाण आहे. मी लेखी देते.”

“लेखी दिलंत तर तपासणीच्या टेबलावर तुम्हाला ठेवता येणार नाही,” साहेब थंडपणे म्हणाले. “उद्या तुमच्या सहीचं दुसरं पान कोणी मानायचं?”

“नका ठेवू.”

“आणि कोणासाठी? त्या माणसासाठी? ज्याने तुमच्या भावाला—”

“त्याचं नाव ऐकलं तरी माझ्या तोंडात कडू येतं, साहेब. चौकशीत तो सापडावा म्हणून मी रोज प्रार्थना करते. सापडला तर पुढच्या वर्षी लिहा, ‘शिक्षा झाली’, मोठ्या टायपात लिहा, मी पेढे— मी सगळ्यांना चहा पाजेन. पण हे सहा शब्द माझे आहेत. घडलेले नाहीत.”

तारीखराव म्हणाले, “एवढं खरंच वाटत होतं तर ऑक्टोबरात कुठे होतात?”

“ऑक्टोबरात मी तुमच्यासारखी होते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथेच कागद घेतला, चार ओळी लिहिल्या आणि खाली गेल्या. यंत्रावरचा मिस्त्री सातव्या फर्म्याचे गठ्ठे रद्दीत ओढताना मोठ्याने शिव्या घालत होता. बाईंसमोर थांबला, आणि मग हे कोणामुळे ते आठवल्यासारखा पुन्हा सुरू झाला. नवं प्रूफ निघालं. ‘ऑक्टोबर १९ : क्रीडामंत्र्यांचा राजीनामा.’ किती धुतलेली दिसत होती ओळ. जणू एखादा सज्जन गृहस्थ थकून घरी गेला. बाईंना ती बघवेना. तरी त्यांनी सही केली, मग अकराव्या फर्म्यावरही केली आणि आपला डबा घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना तळघरात, जुने अंक बांधायच्या टेबलावर बसवलं. वरच्या खुर्चीवर तारीखराव बसले. बसताना त्यांनी खुर्ची झटकून घेतली म्हणे.

जानेवारीत वार्षिकी बाहेर पडली. आणि इथे, बघा, माणसांची गंमत. सगळ्या देशाला मंत्र्याबद्दल वाचायचं होतं. त्यांनी पान उघडलं, तर दोन शब्द. एका वर्तमानपत्राने मथळा दिला : ‘वार्षिकीने मंत्र्यांना धुऊन दिले.’ फर्मा पुन्हा छापल्याची बातमी कशी कोण जाणे बाहेर गेली. कोणाच्या सांगण्यावरून, किती घेऊन, यावर चौकाचौकांत चर्चा झाली. साहेबांनी खुलासा केला की संबंधित कर्मचाऱ्याला बाजूला केलं आहे. झालं, शिक्कामोर्तब.

रविवारी सकाळी बाई साबण आणायला गेल्या. दुकानात सात-आठ माणसं. दुकानदाराने त्यांना बघून तराजू खाली ठेवला.

“या, या! भावाने मॅच विकली, बहिणीने पुस्तक विकलं. घराण्याचं नाव राखलंत हो बाई! आता विकायला काय उरलंय?”

हशा पिकला. बाईंनी तोंड उघडलं. कारण सांगायचं? कारणांनीच तर वाटोळं केलं होतं. त्या रिकाम्या हाताने घरी आल्या आणि ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“साबण कुठाय?” मागून भावाचा आवाज आला. त्याला अंघोळ करायची होती.

“नाही आणला.”

“का?”

बाईंनी सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. सगळंच गेलं, मंत्र्याची ओळ खोडल्यापासून तळघरापर्यंत. त्या दुपारनंतरचं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला. मग त्याने चपला शोधल्या. इतक्या महिन्यांत त्या खाटेखाली इतक्या आत गेल्या होत्या की त्याला पोटावर झोपून काढाव्या लागल्या.

“कुठे चाललास? अरे, मारतील तुला!”

तो जिना उतरला. बाई मागे धावल्या.

रविवारचं लख्ख ऊन पडलं होतं. गल्लीतलं एकेक माणूस थांबत गेलं. भाऊ दुकानात शिरला आणि रांगेत उभा राहिला, सगळ्यांत शेवटी. पुढची माणसं आपोआप बाजूला झाली. तो फळीपाशी गेला. एवढी उंची, एवढी दाढी. दुकानदार एक पाऊल मागे सरला.

“दिवे चालू होते,” भाऊ म्हणाला. आवाज वापरात नसल्यामुळे खरखरत होता. “सगळ्यांनी ऐका, परत सांगणार नाही. मी पुढे आलो, चेंडू वरून गेला. विकली असती तर निदान नाटक तरी बरं केलं असतं. इतकं गबाळं कोण विकत घेईल?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“ही माझी चूक, माझी. बोला मला, चाळणी म्हणा, काय हवं ते म्हणा. आता हिच्याबद्दल काय म्हणालात ते माझ्यासमोर परत म्हणा.”

दुकानदाराने फळीवरची पोती, छताला टांगलेल्या दोऱ्या, सगळं बघून घेतलं. बाई दारात उभ्या होत्या. आत कोणाच्याही चेहऱ्यावर माया नव्हती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. होती ती नुसती अडचण. उद्या हीच माणसं पुन्हा बोलणार होती, फक्त जरा हळू.

“काय हवंय?” दुकानदाराने शेवटी विचारलं.

“साबण.”

त्याने साबण दिला. भावाने पैसे ठेवले, मोड मोजून घेतली आणि बाहेर पडला. बाई शेजारून चालायला लागल्या, तसा तो म्हणाला, “तू कशाला आलीस मागे? मी काय लहान आहे?”

“नाही.”

“मग उगाच चिकटू नकोस.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

तो लांब ढांगा टाकत पुढे गेला. गल्लीतली माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो त्यांच्याकडे. कोपऱ्यावरून एक जण ओरडला, “ए, भाड्याचे हात!” भावाने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं, जणू पुढच्या वेळी तोंड ओळखायचंय, आणि चालत राहिला. बाईंनी पावलं हळू केली. मधलं अंतर वाढत गेलं, दहा पावलं, वीस पावलं. त्यांनी ते वाढू दिलं.